केमोची उलटी सुरू होण्याआधीच थांबवायची: रुग्ण आणि घरच्यांसाठी सविस्तर मार्गदर्शक

“उलटी तर झालीच नाही सिस्टर, मंग गोळी काहून खायची?”

नागपुरात केमोच्या डे केअरमध्ये सिस्टर म्हणून काम करताना हा प्रश्न मला सतत ऐकू येतो. विचारणारा माणूस समजूतदार असतो. ताप नसताना तापाची गोळी घेत नाहीत, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. पण इथे गोळी घेतली म्हणूनच उलटी झालेली नसते. ती मधेच बंद केली की तिसऱ्या दिवशी रात्री कोरड्या ओकाऱ्या सुरू होतात आणि घरचे घाबरून फोन करतात. सुरू झालेली उलटी आवरणं फार कठीण जातं, ती होऊच न देणं त्यामानाने सोपं असतं. म्हणून हा लेख लिहिते आहे.

तुमचा उपचार तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटलला असो, जामठ्याच्या कॅन्सर इन्स्टिट्यूटला, मेडिकलला (सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात), एम्सला किंवा धंतोली-रामदासपेठेतल्या खासगी दवाखान्यात, खालच्या गोष्टी सगळीकडे लागू पडतात. औषधांचे डोस मी लिहिलेत ते तुमच्या हातातला कागद तुम्हाला ओळखता यावा म्हणून. डॉक्टरांनी काही वेगळं लिहून दिलं असेल तर तेच चालवायचं.

उलटी नेमकी येते कुठून

पोटात औषध गेलं म्हणून उलटी होते असं वाटतं, पण केमो बहुतेक वेळा शिरेतून दिली जाते आणि तरी उलटी होते. आतड्याच्या अस्तरातल्या काही पेशी केमोमुळे दुखावतात आणि सिरोटोनिन नावाचं रसायन सोडतात. ते तिथल्या नसेला डिवचतं आणि निरोप मेंदूतल्या उलटीच्या केंद्रापर्यंत पोचतो. हा पहिल्या 24 तासांचा मामला. त्यानंतरच्या दिवसांत मेंदूतलं दुसरं रसायन, सबस्टन्स पी, जास्त जोर करतं. त्यामुळे दुसऱ्या दिवसापासून पाचव्या दिवसापर्यंत मळमळ पुन्हा उसळू शकते. सिस्प्लॅटिनमध्ये तर ती 48 ते 72 तासांच्या सुमारास सगळ्यात जास्त असते.

म्हणजे दवाखान्यात सगळं ठीक होतं, हसत घरी आले, रात्री जेवलेही, याचा अर्थ धोका टळला असा होत नाही. खरी कसोटी घरी असते, आणि तिथे सिस्टर नसते. तिथे तुम्ही असता.

रसायनं वेगळी, रस्ते वेगळे, म्हणून औषधंही तीन-चार वेगवेगळ्या प्रकारची असतात. “एवढ्या गोळ्या एकाच उलटीसाठी?” असं वाटून त्यातली एखादी आपल्या मनाने गाळू नका. प्रत्येक गोळी वेगळा रस्ता अडवत असते.

पहिल्या सायकलच्या (केमोच्या फेरीच्या) आधी डॉक्टरांशी काय बोलायचं

पहिला प्रश्न: आम्हाला लागणाऱ्या औषधाने उलटीचा धोका किती? सगळ्या केमोने सारखी उलटी होत नाही. सिस्प्लॅटिन, किंवा स्तनाच्या कॅन्सरमध्ये देतात ती लाल रंगाची डॉक्सोरुबिसिन आणि सायक्लोफॉस्फमाइडची जोडी, ही सगळ्यात जास्त उलटी करणारी. प्रतिबंधक औषध दिलंच नाही तर 100 पैकी 90 हून जास्त रुग्णांना उलटी होते. ऑक्सॅलिप्लॅटिन आणि इरिनोटेकान मधल्या गटात येतात. पॅक्लिटॅक्सेल, डोसिटॅक्सेल, जेमसिटाबिन यांचा धोका कमी, आणि व्हिन्क्रिस्टिन किंवा ट्रास्टुझुमॅबचा अगदीच किरकोळ. शेजारच्या बेडवरच्या बाईंना एकच गोळी आणि आम्हाला चार, याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

आपल्या विदर्भात खर्ऱ्यामुळे (तंबाखू-सुपारीच्या मिश्रणामुळे) तोंडाच्या कॅन्सरचे रुग्ण खूप. त्यांतल्या बऱ्याच जणांना रेडिएशनच्या शेकासोबत सिस्प्लॅटिन लागतं, कुणाला दर आठवड्याला थोडं, कुणाला तीन आठवड्यांनी जास्त. “शेकासोबतचं छोटं सलाईन आहे” असं म्हणून घरचे ते हलक्यात घेतात. औषध सिस्प्लॅटिनच आहे, हे लक्षात असू द्या.

दुसरी गोष्ट, रुग्णाची आपली प्रकृती. बाई असणं, वय पन्नाशीच्या आत असणं, बसमध्ये गाडी लागण्याची सवय, गरोदरपणात खूप उलट्या झालेल्या असणं, मन फार घाबरलेलं असणं, आधीच्या केमोत त्रास झालेला असणं: यातलं जे लागू असेल ते विचारायची वाट न बघता सांगा. गर्दीच्या ओपीडीत डॉक्टर प्रत्येकाला “गरोदरपणी उलट्या व्हायच्या का?” असं विचारतीलच असं नाही. आणि ते कळलं तर औषध एक पायरी वरचं देता येतं.

तिसरी, आधीचे आजार आणि औषधं. शुगर आहे का, हृदयाचे ठोके अनियमित आहेत का, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, दुखण्यासाठी मॉर्फिन चालू आहे का. घरी कुणी दिलेला काढा किंवा पुडी चालू असेल तर तीही सांगा. लपवू नका, कुणी रागावणार नाही.

महात्मा फुले योजनेतून उपचार असेल तर काउंटरवरच्या आरोग्यमित्राला आधीच विचारा की घरी घ्यायची उलटीची औषधं दवाखान्यातून मिळणार की बाहेरून आणायची. बाहेरून आणायची असतील तर केमोच्या आदल्या दिवशीच आणून ठेवा. महाग वाटलं तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा. त्याच औषधाची स्वस्त जेनेरिक मिळू शकते. न सांगता अर्धीच पट्टी घेणं सगळ्यात वाईट.

पिशवीतल्या गोळ्या ओळखून घ्या

ऑन्डॅन्सेट्रॉन सगळ्यांना माहीत असते. एमसेट, ऑन्डेम, व्होमिकाइंड ही सगळी तिचीच नावं. एका चिठ्ठीवर एक नाव, दुसऱ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर दुसरं, आणि रुग्ण दोन्ही घेत राहतो, असं होतं. पट्टीच्या मागे बारीक अक्षरात औषधाचं मूळ नाव असतं, ते जुळवून बघा. या गोळीने पोट घट्ट होतं, कधी डोकंही दुखतं. दोन-तीन दिवस शौचाला झालं नाही की त्यानेच मळमळ वाढते, आणि मग लोक आणखी ऑन्डॅन्सेट्रॉन घेतात. म्हणून पोट साफ होण्याचं सिरप डॉक्टरांकडून पहिल्याच दिवशी लिहून घ्या.

काहींना याऐवजी पॅलोनोसेट्रॉनचं इंजेक्शन देतात. त्याचा असर काही दिवस टिकतो, म्हणून घरी ऑन्डॅन्सेट्रॉन लिहिलेली नसली तर ती राहून गेली असं समजू नका.

डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड. नाव ऐकूनच पुष्कळ जण ते बाजूला ठेवतात. मोजक्या दिवसांसाठी असतं आणि उशिराच्या मळमळीवर फार उपयोगी पडतं. सकाळी, काहीतरी खाऊनच घ्यायचं. संध्याकाळी घेतलं तर रात्रभर डोळा लागत नाही. शुगर असेल तर त्या दिवसांत घरी मोजत राहा, ती वाढतेच. आणि डॉक्टरांनी फक्त केमोच्या दिवशीच दिलं असेल तर तेही मुद्दाम ठरवलेलं असू शकतं.

अ‍ॅप्रेपिटंट ही तीन कॅप्सूलची पट्टी असते: 125 मिलीग्रॅमची एक, 80 च्या दोन. 125 ची केमोच्या साधारण एक तास आधी, 80 च्या पुढच्या दोन सकाळी. ही पहिली कॅप्सूल घरीच विसरणारे बरेच. आदल्या रात्रीच फाइलमध्ये टाचून ठेवा. काही ठिकाणी तिच्याऐवजी फोसॅप्रेपिटंटचं इंजेक्शन देतात, मग हा प्रश्नच येत नाही.

आणि ओलॅन्झापिन. हिच्याबद्दल जरा थांबून सांगते, कारण सगळ्यात जास्त गैरसमज हिच्याबद्दल आहेत. औषधाच्या दुकानात कुणीतरी म्हणतं “ही तर डोक्याची गोळी आहे”, किंवा घरातला शिकलेला मुलगा मोबाइलवर नाव टाकतो आणि मानसिक आजाराची माहिती वाचतो. गोळी कचऱ्यात जाते. खरं म्हणजे हे औषध मेंदूतले एकापेक्षा जास्त रस्ते एकाच वेळी अडवतं, आणि उलटी थांबूनही जी मळमळ उरते, जिच्यावर बाकीच्या गोळ्या तोकड्या पडतात, तिच्यावर हिचा चांगला गुण येतो. तुमच्या माणसाचं डोकं बिघडलंय असं कुणीही म्हणत नाहीये.

अडचण एकच, झोप फार येते. पूर्वी सर्रास 10 मिलीग्रॅम देत. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये झालेल्या आणि 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 2.5 मिलीग्रॅम आणि 10 मिलीग्रॅम यांची तुलना केली. उलटी रोखण्यात छोटा डोस कमी पडला नाही आणि दिवसाची गुंगी मात्र बरीच कमी झाली. तेव्हा गुंगीने माणूस दिवसभर उठतच नसेल तर गोळी बंद करू नका, डोस कमी होईल का ते विचारा. रात्री झोपताना घ्यायची. म्हाताऱ्या माणसाला रात्री बाथरूमला एकटं उठू देऊ नका. त्या दिवसांत गाडी चालवायची नाही. आणि ओलॅन्झापिन चालू असताना आपल्या मनाने पेरिनॉर्म (उलटीचंच दुसरं औषध) देऊ नका, दोन्ही मिळून हातपाय आखडण्यासारखा त्रास होऊ शकतो.

गोळ्यांचा घोळ टाळायची एक युक्ती मी भंडाऱ्याकडच्या एका काकूंच्या सुनेकडून शिकले. काकूंना वाचता येत नव्हतं आणि सून दिवसा कामावर. तिने औषधांची पूर्ण पिशवी बेडवर पालथी केली, प्रत्येक पट्टी कात्रीने कापली, एका दिवसाच्या गोळ्या एका कागदी पाकिटात, आणि पाकिटावर स्केचपेनने सूर्य किंवा चांदोबा काढला. सकाळच्या पाकिटावर सूर्याखाली भाकरी, म्हणजे खाऊन घ्यायची. ऑन्डॅन्सेट्रॉनच्या दोन वेळांमध्ये किती तास, तेवढे टिंब. काकूंनी एकही गोळी चुकवली नाही. पट्टी कापताना मुदतीची तारीख आणि नाव असलेला तुकडा मात्र जपून ठेवा.

केमोचा दिवस

उपाशी येऊ नका, आणि तट्ट जेवूनही नका. दोन तास आधी हलकं काहीतरी: उपमा, इडली, कोरडी पोळी, मुरमुरे. सकाळचे तर्री पोहे आज नकोत. रुग्णाचा जीव की प्राण असलेला पदार्थही त्या दिवशी मुद्दाम टाळा. मळमळताना जे खाल्लं जातं त्याचा पुढे कायमचा वीट येऊ शकतो, आणि ते आवडतं पुरण किंवा वडाभात असेल तर वाईट वाटतं.

आदल्या रात्रीची झोप महत्त्वाची. जागरण झालेल्या माणसाला त्रास जास्त होतो. कपडे सैल, गळ्याशी घट्ट नको. सोबत आलेल्यांनी अत्तर, गजरा, तेलकट डबा आत आणू नये. बाजूच्या खुर्चीवर कुणी उलटी करत असेल तर जागा बदलून मागा, आम्ही देतो.

परतीचा प्रवास हा इथला मोठा प्रश्न. गडचिरोली, गोंदिया, यवतमाळ, छिंदवाड्याकडचे लोक केमो संपली की थेट एसटी पकडतात. गाडी लागण्यावर ऑन्डॅन्सेट्रॉनचा फारसा उपयोग होत नाही, म्हणून ज्यांना गाडी लागते त्यांनी प्रवासाची वेगळी गोळी आधीच विचारून घ्यावी. पुढची सीट, खिडकी उघडी, नजर मोबाइलवर न ठेवता दूरच्या रस्त्यावर. शक्य असेल तर ती एक रात्र नागपुरातच नातेवाइकांकडे काढा.

घरी पहिले पाच दिवस

गोळ्या घड्याळावर. हे मी पुन्हा सांगते, कारण बाकी सगळं याच्या नंतर.

जेवण तीन वेळा ताटभर नको, दर दोन-तीन तासांनी वाटीभर. मऊ भात आणि मुगाचं साधं वरण, ज्वारीची आंबील, भगर, लाह्या, भाजलेले मुरमुरे, उकडलेला बटाटा. सकाळी उठल्या उठल्या मळमळत असेल तर बिछान्यातच एखादा कोरडा टोस्ट चावून मग उठायचं. पाणी जेवणासोबत ढसाढसा नको, मधल्या वेळात घोट घोट. जेवल्यावर तासभर आडवं व्हायचं नाही. सावजी रस्सा, तळण, फार गोड हे आठवडाभर बाजूला.

वासाचा त्रास चवीपेक्षा जास्त होतो. फोडणी घालताना रुग्णाला दूरच्या खोलीत बसवा. गरम अन्नाला वास जास्त येतो, म्हणून कोमट किंवा साध्या तापमानाचं वाढा. तोंडात लोखंडासारखी चव येत असेल तर स्टीलऐवजी चिनी मातीची वाटी आणि लाकडी चमचा देऊन बघा. खाण्याआधी चूळ भरायला लावा.

संत्र्याच्या दिवसांत घरी सोललेली एखादी फोड तोंडात धरली की पुष्कळांना बरं वाटतं. पण तोंड आलं असेल तर आंबट झोंबतं, तेव्हा नको. रस्त्यावरचा रस, मग तो संत्र्याचा असो की उसाचा, या काळात अजिबात नाही. पांढऱ्या पेशी कमी असताना त्यातून जंतुसंसर्ग होऊ शकतो.

बर्फ चोखा, थंड प्या, असा सल्ला सगळीकडे ऐकायला मिळतो. ऑक्सॅलिप्लॅटिन चालू असलेल्यांनी तो पाळायचा नाही. त्या औषधानंतर काही दिवस थंड पाण्याच्या एका घोटाने घसा आवळल्यासारखा होतो, बोटांना मुंग्या येतात. मे महिन्यात फ्रिजचं पाणी टाळणं जड जातं, पण त्यांच्यासाठी साधं किंवा कोमटच.

उन्हाळ्याचं वेगळं सांगावं लागतं. नवतपात, म्हणजे उन्हाळ्याच्या सगळ्यात कडक नऊ दिवसांत, इथला पारा 45 च्या आसपास असतो. एरवी दोन उलट्यांनी जेवढं पाणी कमी होतं, त्यात घामाची भर पडते. सिस्प्लॅटिन किडनीला त्रासदायक असतं, शरीर कोरडं पडलं तर आणखीच. दिवसाला साधारण 2 ते 3 लिटर पातळ पदार्थ पोटात जायला हवेत. हृदयाचा किंवा किडनीचा आजार असेल तर मात्र डॉक्टर सांगतील तेवढेच. ओआरएसची मोठी पुडी 1 लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात, पूर्ण पुडी एकदम, आणि 24 तासांत संपवायची. पुडी नसेल तर 1 लिटर पाण्यात चहाचे 6 सपाट चमचे साखर आणि चहाचा अर्धा चमचा मीठ. कैरीचं पन्हं, घरचं ताजं ताकही चालतं. कूलरकडे लक्ष द्या. जुन्या गवताचा कुबट वास थेट तोंडावर आला की मळमळ सुरू होते. टाकी रिकामी करून घासा, गवत बदला.

नाकातून नळी असलेल्या रुग्णांना अन्न देताना पाठ टेकवून, निदान अर्धवट बसवून द्या आणि नंतर अर्धा-एक तास तसंच बसू द्या. घाईने ढकलू नका, एका वेळी थोडं. कुठली गोळी कुटून नळीतून देता येते आणि कुठली नाही, हे सिस्टरला विचारा. तोंडात विरघळणाऱ्या ऑन्डॅन्सेट्रॉनचा इथे चांगला उपयोग होतो.

आल्याचा तुकडा, आल्याचा चहा काहींना आराम देतो, काहींना नाही. प्लेटलेट कमी असतील किंवा रक्त पातळ करायची गोळी असेल तर विचारूनच. मनगटावरचा दाबबिंदूही करून बघण्यासारखा आहे: तळहाताच्या खालच्या घडीपासून कोपराकडे तीन बोटं, दोन ताणलेल्या दोऱ्यांच्या मधोमध, अंगठ्याने दोन-तीन मिनिटं दाबायचं. हे सगळं गोळ्यांच्या जोडीने करायचं, गोळ्या सोडून नाही.

तरीही उलटी झालीच तर

वेळ लिहून ठेवा. गोळी घेतल्यावर अर्ध्या तासाच्या आत ती पडली असेल तर फोन करून विचारा. कॅपेसिटाबिनसारखी केमोचीच गोळी उलटीतून पडली असेल तर आपल्या मनाने पुन्हा घ्यायची नाही. उलटीनंतर पोटाला थोडी विश्रांती, मग चमच्याचमच्याने पाणी. डॉक्टरांनी ‘लागल्यास घ्या’ म्हणून वेगळी गोळी दिली असेल तर ती आता. चालू असलेलीच गोळी जास्त घेऊन उपयोग होत नाही, वेगळ्या प्रकारची लागते.

साफ करणाऱ्याने हातमोजे घालावेत. केमोनंतर साधारण 48 तास उलटी, लघवी यांत औषधाचा अंश असतो. भरलेले कपडे वेगळे धुवा, फ्लश दोनदा करा, आणि घरातल्या गरोदर बाईला हे काम देऊ नका.

वाट न बघता दवाखान्यात कळवायचं ते असं: दिवसात चार-पाचपेक्षा जास्त उलट्या, पाणीही टिकत नाही, आठ तास लघवी नाही किंवा ती गडद पिवळी, उभं राहिलं की चक्कर. उलटीत रक्त किंवा कॉफीसारखा काळपट चुरा. पोट फुगलंय, दुखतंय आणि वायूही सरत नाही. डोकं प्रचंड दुखून उलटी होते, किंवा माणूस असंबद्ध बोलतो. ताप 100.4 फॅरनहाइट किंवा जास्त. यातली सगळी कारणं केमोची नसतात. आतडं अडकणं, कॅल्शियम वाढणं, मेंदूवरचा दाब यांनीही उलटी होते, आणि तिथे एमसेट देत बसलं की वेळ जातो. गावाकडे असाल, रात्र झाली असेल, तर 108 ला फोन करून जवळच्या सरकारी दवाखान्यात पोचा, केमोची फाइल सोबत ठेवा.

पुढच्या सायकलच्या आधी

काहींना दवाखान्याच्या वळणावर गाडी आली की, स्पिरिटचा वास आला की, ते लाल सलाईन नुसतं दिसलं की ओकारी येते. यात नाटक काही नाही. आधीच्या त्रासाची शरीराने बांधलेली खूणगाठ असते ती, आणि पहिल्या सायकलपासून उलटी रोखली तर बहुतेक वेळा ती बांधलीच जात नाही. बांधली गेली असेल तर आदल्या रात्री आणि सकाळी घ्यायची छोटी शांत करणारी गोळी डॉक्टर देतात. सलाईनवर रुमाल टाकून झाकायला सांगा, कानात भजन किंवा आवडती गाणी लावा, खिडकीकडे तोंड करून बसा.

घरी एका वहीत दर दिवसाची एक ओळ ठेवा: उलटी किती वेळा, मळमळ 0 ते 10 मध्ये किती, शौचाला झालं का, झोप, कुठली गोळी राहिली. मळमळही लिहा. उलटी झाली नाही म्हणून “सगळं ठीक” असं सांगणारे पुष्कळ, आणि पाच दिवस अन्नाला हात न लावल्याने त्यांचं वजन उतरलेलं असतं. “केमो म्हटली की एवढं सोसावंच लागतं” हे मला रुग्णाच्या तोंडून ऐकवत नाही. आता औषधं आहेत. एक बसली नाही तर दुसरी जोडता येते, डोस बदलता येतो. वहीचं ते पान सुई टोचायच्या आधी डॉक्टरांसमोर ठेवा, कारण उलटी रोखणारी इंजेक्शनं केमोच्या आधीच द्यायची असतात आणि ती बदलायची तर तेव्हाच बदलता येतात.